सातपुड्यात गरम पाण्याच्या झऱ्यापाशी एक रात्र : अनुभव आणि काही प्रश्न

वाघूरकाठ

सर्वांस नमस्कार. आपल्या या विभागात सातपुड्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा तोरणमाळ, पाल किंवा दिवाळीतील अस्तंभ्याची यात्रा यांच्याविषयी असते. म्हणून गेल्या डिसेंबरातील एका निराळ्या मुक्कामाचा अनुभव जरा सविस्तर लिहीत आहे. माझ्या मनात काही प्रश्न राहून गेले आहेत, जाणकारांनी त्यांची उत्तरे द्यावीत ही विनंती.

चोपडा तालुक्यातील अडावदजवळचे उनपदेव आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी सहलीत पाहिलेले असते. गायमुखातून पडणारी ऊन पाण्याची धार, तिच्याशी जोडलेली शरभंग ऋषींची आणि रामाच्या बाणाची कथा, अंगाला खाज असलेल्या नातेवाइकाला मुद्दाम तिथे आंघोळीला नेण्याची पद्धत, हे सारे ठाऊक असते. तिथे वाहन थेट जाते. आम्हा चौघांना मात्र जिथे सिमेंटचा हात लागलेला नाही असा झरा पाहायचा होता आणि शक्य झाल्यास त्याच्या परिसरात एक रात्र काढायची होती. असा झरा सापडला. त्याचे नाव आणि वाट मी मुद्दाम लिहीत नाही, त्याचे कारण पुढे वाचताना लक्षात येईल.

एसटी जिथून माघारी फिरते त्या गावापर्यंत बसने गेलो. आधी एकदा येऊन गावच्या सरपंचांना भेटून आणि वनरक्षकांना सांगून ठेवले होते. वाट दाखवायला साठी ओलांडलेले एक पावरा आदिवासी गृहस्थ आले, त्यांना आम्ही पहिल्या अर्ध्या तासातच बाबा म्हणू लागलो. केळीच्या बागा मागे पडल्या, मग कपाशी संपली, मग गोट्यांनी भरलेला तो चढाचा पट्टा लागला ज्यात नाल्याचे पाणी गडप होते आणि वर गेल्यावर पुन्हा दिसते. पुढे साग, सलई आणि अंजन. साधारण सात किलोमीटरला आम्हाला तीन तास लागले. बाबा एकटे असते तर दीड तासात पोहोचले असते, हे त्यांनी न बोलताही कळत होते.

दुपारच्या उन्हात वाफ दिसत नाही, त्यामुळे झरा प्रथम नाकाला कळला. काडेपेटीची काडी विझल्यावर राहतो तसा, अगदी पुसट वास होता. एका अंजनाच्या मुळांनी काळ्या कातळाला मिठी मारलेली आहे, त्या मिठीखालच्या फटीतून पाणी येते. फटीपाशी दगड स्वच्छ, जणू घासून ठेवलेला. हातभर पुढे गर्द हिरवे शेवाळ. त्याच्याही पुढे तपकिरी साय. पाणी जसजसे निवते तसतसा रंग बदलत जातो आणि हात न लावताच कुठे किती गरम आहे याचा अंदाज येतो. उगमाशी शेंदूर लावलेला एक दगड आहे, म्हणून बाबांनी आम्हाला चपला दूर काढायला लावल्या.

खाली गोट्यांनी आडवलेले गुडघाभर खोलीचे कुंड आहे, दोघे जण जेमतेम बसतील एवढे. त्याच्या कडेला नाल्याच्या थंड पाण्यासाठी एक फट ठेवलेली आहे आणि त्या फटीशी पाट्याएवढा चपटा दगड. दगड सरकवला की थंड पाणी आत येते, लावला की बंद होते. नळाची तोटी म्हणावी अशीच ही व्यवस्था. बाबांनी आधी कोपर बुडवले, जसे माझी आजी बाळाला न्हाऊ घालण्यापूर्वी बुडवत असे, मग दगड चार बोटे सरकवला, पुन्हा कोपर बुडवले आणि मान हलवली. तो अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही.

तंबू झऱ्यालगतच ठोकावेत असा आमचा बेत होता, पण बाबांनी तो एका शब्दात मोडला. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही दीडशे पावले वर, गावाच्याच एका रिकाम्या खळ्यावर तंबू लावले. आमच्यातील एकाने मात्र हट्टाने आपला तंबू कुंडापासून दहा पावलांवर लावला. रात्री थंडी वाढली तशी झऱ्यावर वाफ दाटली. पहाटे तीनच्या सुमारास हे महाशय ओली झोपण्याची पिशवी खांद्यावर टाकून वर आले, कारण तंबूच्या आतून पाणी ठिबकत होते. शेकोटी पेटवली नाही. घरून नेलेली कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा होता, चहापुरता लहान गॅस.

माझे प्रश्न असे. ज्वालामुखी नसताना आपल्याकडे पाणी गरम कसे? अशा पाण्यात बसणे कितपत सुरक्षित? आणि बाबांनी झऱ्यालगत झोपू दिले नाही, त्यामागे वाफेखेरीज आणखी काही कारण असावे काय?

भूगोलमास्तर

वाघूरकाठ, वर्णन आवडले. विशेषतः शेवाळाच्या रंगांचे निरीक्षण अचूक आहे, मी विद्यार्थ्यांना हेच पाहायला सांगत असे.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण ज्वालामुखीचाच आहे, पण ते लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थंड झाले. त्यांची धग आजवर टिकलेली नाही. आपल्याकडील पाणी तापते ते केवळ खोलीमुळे. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने तापमान वाढत जाते. सातपुड्यावर पडलेला पाऊस भेगांतून मुरत मुरत खोल जातो, तिथे तापतो आणि एखादा मोठा भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याने पडलेली खोल भेग, सापडला की त्यातून इतक्या लवकर वर येतो की वाटेत निवायला त्याला अवसर मिळत नाही. मुरणारे पाणी २७ अंशांचे आणि झरा ४५ अंशांचा धरला, तर ते पाणी निदान सहा-सातशे मीटर खाली जाऊन आलेले असले पाहिजे. प्रत्यक्षात त्याहून अधिकच, कारण वर येताना थोडे निवतेच.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. तापीचे खोरे हा दोन बाजूंच्या भ्रंशांमधला खचलेला पट्टा आहे आणि सातपुडा हा उचललेला ठोकळा. या दोहोंच्या सांध्यावर चोपडा तालुक्यातील उनपदेव, सुनपदेव आणि नाझरदेव आहेत, पश्चिमेला शहादा तालुक्यात आणखी एक उनपदेव आहे आणि पूर्वेला पार अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्याच्या सीमेवर सालबर्डी आहे. नर्मदा, तापी आणि शोण यांच्या खोऱ्यांना जोडणारी ही भ्रंशरेषा पुरती शांतही नाही. १९९७ च्या मे महिन्यात जबलपूरला झालेला भूकंप याच पट्ट्यातला.

कोकणातील वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, राजवाडी येथील झऱ्यांचीही कथा अशीच आहे, फक्त तिथली रेषा सह्याद्रीच्या पायथ्याची. आणि नावांकडे लक्ष द्या. उन्हवरे, उन्हेरे, उनपदेव. आपण ‘ऊन ऊन भात’ म्हणतो त्यातला हा ‘ऊन’ आहे, संस्कृत ‘उष्ण’पासून आलेला. डोक्यावरच्या उन्हाशीही त्याचे नाते आहे.

आपण ज्याला गोट्यांचा चढाचा पट्टा म्हणालात तो यावल-चोपडा भागातील बझाडा. डोंगरातून वाहून आलेला गाळगोटा पायथ्याशी पसरून तयार झालेला हा पट्टा पाणी स्पंजासारखे शोषतो. याच पट्ट्याच्या जिवावर आपली केळी उभी आहे आणि विहिरी व कूपनलिका खोल खोल जात आहेत त्याही इथेच. पण तो विषय वेगळ्या धाग्याचा.

चोपडेकर

मास्तर, आपण शाळेत असताना इतके सोपे सांगितले असते तर मी भूगोलात काठावर पास झालो नसतो.

निंबोणी

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. मला या जागांवर जाऊ नका असे सांगायचे नाही, मी स्वतः जाते.

पहिली गोष्ट भाजण्याची. ६० अंशांच्या पाण्यात त्वचा पाच सेकंदांच्या आत खोलवर भाजते, तर ४९ अंशांच्या पाण्याला त्यासाठी पाच ते दहा मिनिटे लागतात. हा फरक हाताला नीट कळत नाही, कारण हात राठ असतो. म्हणून बाबांची कोपराची रीत योग्यच आहे. लहान मुलांची कातडी पातळ असते, त्यांना यापेक्षा बरेच कमी तापमानही पुरते. बसायचे तर ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात, दहा-पंधरा मिनिटे, आणि मद्य घेतलेले असताना मुळीच नाही. गर्भवती स्त्रियांनी, हृदयविकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी टाळावे किंवा आपल्या डॉक्टरांना विचारावे. गरम पाण्यातून एकदम उठून उभे राहिल्यावर घेरी येते आणि ओल्या दगडावर डोके आपटते, असे रुग्ण मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर, जरी फार विरळ. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा राहू शकतो आणि तो ४६ अंशांपर्यंतचे पाणी सहन करतो. पाणी प्यायल्याने तो रोग होत नाही. तो नाकातून शिरतो आणि मेंदूपर्यंत जातो, आणि एकदा रोग झाला की वाचण्याची शक्यता अत्यल्प असते. केरळात २०२४ साली असे रुग्ण आढळल्याचे आपण वाचले असेल. म्हणून एकच नियम पाळावा : डोके पाण्याखाली घालू नये, बुडी मारू नये, नाकात पाणी ओढू नये. मानेपर्यंत बसा आणि सुख घ्या. अशा जागी जाऊन आल्यावर दोनेक आठवड्यांच्या आत तीव्र डोकेदुखी, ताप, उलटी किंवा मान आखडणे असे काही झाले, तर डॉक्टरांना ‘गरम झऱ्यात बसलो होतो’ हे आवर्जून सांगा.

उघडी जखम असताना उतरू नये. हे पाणी पिऊही नये, त्यात फ्लोराइडसारखे क्षार अधिक असू शकतात. त्वचारोगाविषयी म्हणाल तर गंधकामुळे काहींची खाज तात्पुरती कमी होते. सोरायसिस किंवा कोड बरे झाल्याचे मात्र मी पाहिलेले नाही.

सातपुड्याचा लेक

वाघूरकाठ दादा, आपण जागेचे नाव लिहिले नाही हे बरे केले. पण अंजनाची मुळे आणि पाट्याएवढा दगड वाचून मी ती ओळखली. आमचा पाडा तिथून खाली आहे आणि आपण ज्यांना बाबा म्हणालात ते माझ्या आईचे काका.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. थंडीत झऱ्याभोवतीची जमीन उबदार असते. ती ऊब आपल्याला जशी आवडते तशी घोणस आणि मण्यार यांनाही आवडते. शिवाय रात्री रानातली जनावरे नाल्यावर पाण्याला येतात, अस्वल येते, क्वचित बिबट्याही येतो. आपण त्यांच्या वाटेत झोपलो तर दोष त्यांचा नाही. म्हणून आमच्याकडे कोणीही पाण्याशेजारी झोपत नाही. मार्च-एप्रिलात तर अजिबात जाऊ नये, कारण महूची फुले पडू लागली की पहाटे झाडाखाली माणूस आणि अस्वल दोघेही असतात.

आता एक तक्रार, आणि ती मी रागाने लिहीत नाही. आपण निघून गेलात त्या दिवशी सकाळी आमच्या घरातील बायका मुलांना घेऊन आंघोळीला गेल्या होत्या. थंडीत लहान मुलांना न्हाऊ घालायला तेवढी एकच जागा आहे, घरी इतके पाणी तापवायला सरपण कोण जाळणार? कुंडाचा दगड आमच्याकडे नेहमी चार बोटे उघडा ठेवतात, म्हणजे सकाळी येणाऱ्याला पाणी बेताचे मिळते. त्या दिवशी तो पूर्ण लावलेला होता. माझ्या तीन वर्षांच्या भाचीने नेहमीच्या सवयीने पाय आत घातला. वेळीच ओढून घेतले म्हणून फोड आले नाहीत, पण दोन दिवस पाय लाल होता आणि पोरगी अजून पाण्याजवळ जायला रडते.

वाघूरकाठ

आपला प्रतिसाद वाचून काल रात्री मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

ते आमच्याच हातून झाले. रात्री दहाच्या सुमारास थंडी वाढली तेव्हा आम्ही पुन्हा खाली गेलो, पाणी निवल्यासारखे वाटले म्हणून दगड लावून घेतला आणि वर येताना तो तसाच राहिला. पहाटे पाचला अंधारातच निघालो, त्यामुळे कुंडाकडे पुन्हा पाहिलेही नाही. प्लॅस्टिकचा एकेक कागद वेचून परत आणला याचे आम्हाला कौतुक वाटत होते, मूळ अनुभवात तेही लिहिणार होतो. दगडाचे कोणाच्याच ध्यानात आले नाही, कारण ती कोणाची तरी रोजची मोरी आहे असे मनातच नव्हते. आम्ही तिला ‘निसर्ग’ समजून बसलो होतो.

भाचीची आणि घरच्यांची क्षमा मागतो. आपली हरकत नसेल तर प्रत्यक्ष येऊन मागेन.

चोपडेकर

माणूस चुकतो, पण चूक इथे चारचौघांत लिहून काढतो असे थोडे. आता माझी एक शंका. मुक्कामाला परवानगी नेमकी कोणाची लागते? आमच्या गावची पोरे गाडीवर तंबू बांधून कुठेही घुसतात आणि सांगतात की जंगल सरकारचे, म्हणजे सर्वांचे.

सागवान

वनखात्यात नोकरी केली असल्याने थोडक्यात लिहितो. जंगल सरकारचे असणे आणि ते कोणालाही मोकळे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात, म्हणजे यावल किंवा अनेर धरणाच्या हद्दीत, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. तिथे कलम २७ व २८ प्रमाणे परवान्याशिवाय प्रवेश नाही आणि रात्रीच्या मुक्कामाचा तर विचारच करू नये. याशिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याने अनेक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे ग्रामसभेला विचारल्याविना जाणे मला योग्य वाटत नाही, वनखात्याचा कागद हातात असला तरीही.

व्यवहारात सांगायचे तर वाघूरकाठ यांनी केले तसेच करावे. आधी एकदा मोकळ्या हाताने जावे, सरपंचांना आणि वनरक्षकांना भेटावे, वाटाड्या गावातलाच घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. तंबू गावाच्या खळ्यावर किंवा कोणाच्या शेतात, मालकाला विचारून लावावा. नाल्याच्या पात्रात कधीच नको. पावसाळ्यात तर वर डोंगरात पडलेला पाऊस खाली ऊन असतानाही लोंढा घेऊन येतो. मोसम नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा. त्या दिवसांत रात्रीचा पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा जाड सतरंजी आणि कानटोपी विसरू नये. आणि शेकोटी नको म्हणजे नको. वाळलेल्या सागाच्या पानांवर एक ठिणगी पुरते, मी त्या आगी विझवल्या आहेत.

साबणाचे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. कुंडात साबण, शाम्पू, तेल काही लावू नये. खालच्या डोहात गुरे पाणी पितात.

खळाळ

वाट कळल्याशिवाय या सगळ्या माहितीचा उपयोग काय? निदान जवळचे गाव तरी सांगावे. आम्हीही जबाबदार माणसे आहोत.

निंबोणी

खळाळ, आपल्या जबाबदारीविषयी शंका नाही. पण वाट आपल्याला सांगितली म्हणजे हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. ते कुंड दोन माणसांचे आहे. पाहायचेच असेल तर अडावदचे उनपदेव आहे, तिथे सारी सोय आहे आणि पाणी त्याच भ्रंशातून येते.

भूगोलमास्तर

‘त्याच भ्रंशातून’ ऐवजी ‘तशाच’ म्हणूया, ताई. बाकी सहमत.

सातपुड्याचा लेक

वाघूरकाठ दादा, घरी वाचून दाखवले. आजोबा म्हणाले की चूक त्यांचीही आहे, दगडाचे त्यांनी सांगायला हवे होते, पण सांगावे लागेल असे त्यांना वाटले नाही. रविवारी या. अंधार पडेपर्यंत थांबू नका म्हणून सकाळीच या.

वाघूरकाठ

रविवारी जाऊन आलो. यावेळी दोघेच होतो आणि तंबू नेला नव्हता. पाड्यावर आधी बाबांना भेटलो. भाचीसाठी बिबड्या आणि गुळाच्या दशम्या नेल्या होत्या. तिने दशमी घेतली आणि आईच्या पदराआड उभी राहून ती संपेपर्यंत माझ्याकडे रोखून पाहिले.

नंतर बाबांबरोबर झऱ्यावर गेलो. कुंडात एक बाई मुलाला न्हाऊ घालत होत्या, म्हणून आम्ही वळणाच्या अलीकडेच थांबलो. मुलाला टिपून, कपडे घालून, कडेवर घेऊन त्या वर येईपर्यंत पाऊण तास गेला. जाताना त्या बाबांशी काहीतरी बोलल्या आणि दोघेही हसले. काय बोलल्या ते मी विचारले नाही.

दगड चार बोटे उघडा होता आणि फटीच्या कडेला ओल्या मातीचा नवा लेप दिसत होता. आम्ही दगडाला हात लावला नाही. कोपर तेवढे बुडवून पाहिले.